टू-स्ट्रोकचे पोर्ट : एका मिलिमीटरचा इतिहास

आज येताना मी एक वस्तू सोबत आणली आहे. पुढच्या रांगेतल्यांना दिसत असेल, ऑनलाइन ऐकणाऱ्यांसाठी सांगतो. हा यामाहा आरएक्स १०० चा सिलिंडर आहे. आपल्याकडचे मेकॅनिक याला 'ब्लॉक' म्हणतात. आत बोट घातलं की गुळगुळीत भिंतीला मध्येच खिडक्या लागतात. या खिडक्या म्हणजे पोर्ट. आजचं व्याख्यान या खिडक्यांबद्दल आहे. त्या कुणी काढल्या, कुणी मोठ्या केल्या, कुणी पळवून नेल्या, आणि शेवटी त्या बंद का झाल्या.

हा ब्लॉक माझाच आहे आणि तो मीच बिघडवलेला आहे. कॉलेजात असताना कुणीतरी सांगितलं की एक्झॉस्टचं तोंड वर घासलं की गाडी पळते. मी कानस घेतली आणि बसलो घासत. किती घासायचं हे सांगणाऱ्याला माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नाही. गाडी पळाली, खोटं नाही बोलणार. पण सरळ रस्त्यावर, आणि तेही इंजिन किंचाळायला लागल्यावर. कात्रजच्या चढावर ती दुसऱ्या गिअरमध्येही मान टाकायची. पंधरा दिवसांनी पिस्टनची रिंग खिडकीच्या धारेत अडकून तुटली. तिचा ओरखडा अजून इथे आहे, बोटाला लागतो. मी नेमकं काय चुकलो हे समजायला मला पुढे बरीच वर्षं लागली. ते समजून घेताना जो इतिहास हाती लागला, तो आज सांगतो.

खिडकीचं गणित

आधी यंत्र समजून घेऊ. फोर-स्ट्रोक इंजिनात हवा-पेट्रोल आत घ्यायला आणि धूर बाहेर सोडायला व्हॉल्व असतात, म्हणजे दारं. ती उघडायला कॅम, स्प्रिंग, चेन असा सगळा संसार लागतो. साध्या टू-स्ट्रोकमध्ये यातलं काही नाही. पिस्टन वरखाली होताना स्वतःच्या अंगाने भिंतीतल्या खिडक्या झाकतो आणि उघडतो. पिस्टन खाली येताना आधी एक्झॉस्टची खिडकी उघडते, जळलेला वायू बाहेर उसळतो. पिस्टन आणखी खाली गेला की ट्रान्सफरच्या खिडक्या उघडतात आणि क्रँककेसमध्ये दाबून ठेवलेलं ताजं मिश्रण वर येतं. पिस्टन परत वर जाताना सगळं झाकतो आणि ठिणगी पडते. प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट.

म्हणजे दार कधी उघडायचं, किती वेळ उघडं ठेवायचं, वारा कुठल्या दिशेने सोडायचा, हे सगळं त्या खिडकीच्या उंचीवर, रुंदीवर आणि तिरपेपणावर ठरतं. फोर-स्ट्रोकवाल्याला वेळ बदलायला नवा कॅम बनवावा लागतो. टू-स्ट्रोकवाल्याला कानस पुरते. या इंजिनाचं सगळं आकर्षण आणि सगळा धोका इथेच आहे.

आता वेळ किती मिळतो बघा. मिनिटाला ७,५०० फेरे असतील तर एका फेऱ्याला ८ मिलिसेकंद. ट्रान्सफरच्या खिडक्या फेऱ्याचा साधारण एक तृतीयांश भाग उघड्या असतात, म्हणजे पावणेतीन मिलिसेकंदांपेक्षाही कमी. तेवढ्यात जुना धूर पूर्ण बाहेर, नवं मिश्रण पूर्ण आत, आणि दोन्ही एकमेकांत मिसळायचे नाहीत. आपली पापणी एकदा लवेपर्यंत हे डझनभर वेळा होऊन जातं.

खिडकी वर सरकवली की ती लवकर उघडते आणि उशिरा मिटते. या ब्लॉकचा स्ट्रोक ५० मिलिमीटर आहे. इथे एक्झॉस्टची वरची कड फक्त एक मिलिमीटर वर नेली तर उघडं राहण्याचा काळ एकूण साडेचार ते पाच अंशांनी वाढतो. जास्त फेऱ्यांवर वेळ कमी पडत असतो, म्हणून तिथे याचा फायदा. पण कमी फेऱ्यांवर तीच खिडकी गरजेपेक्षा जास्त वेळ उघडी राहते, ताजं मिश्रण बाहेर सांडतं आणि दाब कमी होतो. माझी गाडी कात्रजला का दमली, याचं हे उत्तर. ताकद मी वाढवली नव्हती, एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात टाकली होती.

बाथ ते त्शोपाऊ

ही बिनदाराची कल्पना इंग्लंडमधल्या बाथ शहरातली. जोसेफ डे यांनी १८९१ मध्ये क्रँककेसमध्ये मिश्रण दाबणाऱ्या टू-स्ट्रोकचं पेटंट घेतलं. पुढच्याच वर्षी त्यांच्याकडे काम करणाऱ्या फ्रेडरिक कॉक यांनी आत येणारी वाटही पिस्टनच्या खालच्या कडेनेच उघडेल अशी योजना केली. झडपा गेल्या, उरल्या तीन खिडक्या आणि एक पिस्टन. इतकं साधं इंजिन पुन्हा झालं नाही.

पण त्यात एक गोची होती. ट्रान्सफर आणि एक्झॉस्ट समोरासमोर. ताजं मिश्रण आत आलं की सरळ समोरच्या दारातून बाहेर. ते अडवायला पिस्टनच्या डोक्यावर एक कुबड ठेवत, की वारा त्यावर आपटून वर वळेल. कुबडामुळे पिस्टन जड व्हायचा आणि तापायचा. यावरचा उपाय जर्मनीत निघाला. डॉइट्झ कंपनीतले अडोल्फ श्नुर्ले यांनी १९२५ मध्ये पेटंट घेतलं. ट्रान्सफरच्या दोन खिडक्या एक्झॉस्टच्या दोन बाजूंना ठेवायच्या आणि त्यांची तोंडं एक्झॉस्टकडे पाठ करून मागच्या भिंतीकडे वळवायची. दोन झोत मागच्या भिंतीवर भेटतात, वर चढतात, वरून वळून खाली येतात आणि धुराला पुढे ढकलतात. पिस्टनचं डोकं सपाट राहिलं. इथून पुढे पोर्टच्या कामात दिशा हा शब्द आला. खिडकी किती मोठी याच्याइतकंच ती कुठे बघते आहे हे महत्त्वाचं ठरलं.

ही कल्पना मोटरसायकलवर आणली डीकेडब्ल्यू कंपनीने. सॅक्सनी प्रांतात त्शोपाऊ नावाचं लहान गाव आहे, तिथे तिचा कारखाना. १९३९ मध्ये हेरमान वेबर यांच्या हातून तिथे आरटी १२५ ही गाडी उतरली. दिसायला साधी, पण जगात सर्वाधिक नकला झालेल्या गाड्यांत तिची गणना होते. महायुद्धात जर्मनी हरल्यावर विजेत्यांनी भरपाई म्हणून तिचं डिझाइन उचललं. इंग्लंडमध्ये ती बीएसए बँटम झाली, अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनची १२५, सोव्हिएत संघात मॉस्क्वा. यामाहाची पहिली मोटरसायकल, १९५५ ची वायए-१, हीसुद्धा तिच्याच वळणावर बनली. वेबर यांना सोव्हिएत संघात नेलं गेलं आणि १९४८ मध्ये तिथेच त्यांचा शेवट झाला.

हे लक्षात ठेवा. त्शोपाऊमधून ज्ञान बाहेर जाण्याची ही पहिली वेळ. दुसरी अजून यायची आहे.

वाल्टर काडेन

युद्धानंतर त्शोपाऊ पूर्व जर्मनीत आलं. कारखाना सरकारी झाला आणि पुढे त्याचं नाव एमझेड झालं. तिथल्या रेसिंग विभागात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला वाल्टर काडेन नावाचे इंजिनिअर आले. जन्म १९१९, जवळच्याच पोबरशाऊ गावचे. युद्धाच्या काळात त्यांनी हेन्शेल कंपनीत रॉकेटच्या जोरावर उडणाऱ्या बॉम्बवर काम केलं होतं. वायूच्या लहरी कशा वागतात याचं भान त्यांना तिथून होतं.

काडेन यांच्याकडे पैसा नव्हता, चांगला धातू नव्हता, परदेशी सुटा भाग घ्यायचा तर परकीय चलन नव्हतं. होतं ते १२५ सीसीचं बिनदाराचं इंजिन, आणि एक ऑसिलोस्कोप. त्यांनी एक्झॉस्ट पाइपातल्या दाबाच्या लहरी पडद्यावर पाहायला सुरुवात केली.

त्यांच्या कामाचं मर्म असं. एक्झॉस्टची खिडकी उघडली की दाबाची एक लाट पाइपातून पळत सुटते. पाइप हळूहळू रुंद होत गेला तर उलटी, ओढणारी लाट मागे येते आणि सिलिंडरमधला धूर खेचून काढते. पुढे पाइप पुन्हा अरुंद झाला तर तिथून दाबाची लाट परत येते आणि बाहेर सांडलेलं ताजं मिश्रण खिडकी मिटायच्या आत परत ढकलते. म्हणजे नसलेलं दार त्यांनी हवेचं बनवलं. ते फुगीर पोटाचे पाइप तुम्ही पाहिले असतील, त्यांना एक्स्पान्शन चेंबर म्हणतात. आधी काही जर्मन तंत्रज्ञांनी असे प्रयोग केले होते, पण पोर्ट, पाइप आणि आत येणारी वाट या तिन्हींचा एकत्र मेळ काडेन यांनी घातला.

हिशोब करून बघू. इंजिन १०,००० फेऱ्यांवर, एक्झॉस्ट १९० अंश उघडं. वेळ झाला साधारण ३.१७ मिलिसेकंद. गरम धुरात लाटेचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास. तेवढ्या वेळात लाट सुमारे १.६ मीटर पळते, जाऊन-येऊन. म्हणजे परतीची भिंत खिडकीपासून सुमारे ८० सेंटिमीटरवर हवी. पोर्ट बदलला की पाइपाची लांबी बदलली. म्हणून नुसती खिडकी घासून पाइप तोच ठेवणं म्हणजे तबला एका पट्टीत आणि पेटी दुसऱ्या पट्टीत. माझी दुसरी चूक ती होती.

काडेन यांच्या नावावर आणखी दोन गोष्टी आहेत. क्रँकला जोडलेली फिरती चकती, जी आत येणारी वाट आपल्या सोयीने उघडते. ती मूळची डॅनिएल झिमरमान या हौशी तंत्रज्ञाची, काडेन यांनी ती उचलली आणि सुधारली. दुसरी म्हणजे तिसरा ट्रान्सफर पोर्ट, एक्झॉस्टच्या बरोबर समोर. त्याला मिश्रण पिस्टनच्या अंगातल्या खिडकीतून मिळायचं. मूळ हेतू पिस्टनखालच्या बेअरिंगला थंडावा आणि तेल मिळावं हा. पण ताकद वाढली. पुढे मोटोक्रॉसच्या जवळपास प्रत्येक सिलिंडरमध्ये हा बूस्ट पोर्ट आला.

१९६१ पर्यंत त्यांचं १२५ सीसीचं इंजिन २५ हॉर्सपॉवर देऊ लागलं. लिटरला २००. सुपरचार्जरशिवाय हा आकडा तोवर कुणी गाठला नव्हता. होंडाची कितीतरी महागडी फोर-स्ट्रोक इंजिनं समोर असताना, एका गरीब देशातल्या गरीब विभागाने तो गाठला.

सप्टेंबर १९६१

काडेन यांचा रायडर एर्न्स्ट डेग्नर. नुसता रायडर नव्हे, स्वतः शिकलेला तंत्रज्ञ. इंजिनाच्या आतलं त्याला सगळं ठाऊक. १९६१ चा हंगाम संपत आला तेव्हा १२५ सीसीचं जागतिक अजिंक्यपद त्याच्या हातातोंडाशी आलं होतं. १३ ऑगस्टला बर्लिनची भिंत उभी राहिली. १७ सप्टेंबरला स्वीडनमध्ये क्रिस्टियानस्टाडला शर्यत होती. त्यात डेग्नरचं इंजिन बंद पडलं. तिथून तो परत गेलाच नाही. डेन्मार्कमार्गे पश्चिमेत पोहोचला. त्याच दिवसांत त्याची बायको आणि दोन मुलं मोटारीच्या डिकीत लपून सीमेपलीकडे आली.

आधी बोलणी झाली होती सुझुकीशी. सुझुकी १९६० मध्ये पहिल्यांदा आइल ऑफ मॅनच्या शर्यतीला आली होती आणि तिच्या गाड्या हळू पडल्या होत्या. तिथे एमझेड आणि सुझुकीची माणसं एकाच हॉटेलात उतरली होती. डेग्नरने काही भाग आणि आराखडेही सोबत नेले असं सांगितलं जातं. त्या हिवाळ्यात तो जपानमध्ये हामामात्सूला बसून सुझुकीच्या इंजिनिअरांबरोबर काम करत होता. १९६२ मध्ये सुझुकीने ५० सीसी गटात जागतिक अजिंक्यपद जिंकलं. रायडर डेग्नर. टू-स्ट्रोक इंजिनाचं हे पहिलं जागतिक अजिंक्यपद. एमझेडला रोड रेसिंगमध्ये ते कधीच मिळालं नाही. १९६१ चं १२५ सीसीचं अजिंक्यपद होंडावरच्या टॉम फिलिसकडे गेलं.

याला चोरी म्हणायचं का? मला हा प्रश्न अनेकदा विचारला जातो. पूर्व जर्मनीच्या दृष्टीने हा सरळ विश्वासघात होता, आणि काडेन यांचं काय गेलं हे बघितलं तर तो शब्द खोटा वाटत नाही. दहा वर्षांचं काम, आणि फळ दुसऱ्याच्या घरी. पण दुसरी बाजूही मांडली पाहिजे. डेग्नरला आपल्या कौशल्याचा मोबदला घेऊन बायकामुलांसह मोकळ्या देशात राहायचं होतं. भिंत उभी राहिल्यावर सरळ वाट उरली नव्हती. सुझुकी १९५२ पासून टू-स्ट्रोक बनवत होती. तिच्याकडे धातू होता, यंत्रं होती, माणसं होती. नुसता आराखडा नेऊन अजिंक्यपद मिळत नाही, नाहीतर माझ्या कानशीलाही मिळालं असतं. (हशा) आणि तिसरी गोष्ट, ज्या आरटी १२५ च्या वंशातून हे सगळं निघालं, तिचं डिझाइन विजेत्यांनी उघडपणे नेलं तेव्हा त्याला कुणी चोरी म्हटलं नाही. भरपाई म्हटलं.

माझं मत विचाराल तर ज्ञान गेलं याचं मला दुःख नाही, ते जातच असतं. दुःख याचं आहे की ते ज्यांच्या हातून घडलं त्यांना त्यातलं काही मिळालं नाही. डेग्नरलाही सुख लागलं नाही. १९६३ मध्ये सुझुका ट्रॅकवर त्याची गाडी पेटली आणि तो भयंकर भाजला. १९८३ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर थोड्याच काळात तो गेला. सुझुकाच्या ट्रॅकवर एका वळणाला त्याचं नाव आहे. काडेन त्शोपाऊ सोडून गेले नाहीत. १९९६ मध्ये ते वारले, तेव्हा भिंतही नव्हती आणि ते राष्ट्रही नव्हतं.

डांबरावरून चिखलात

आता डर्ट बाइककडे येऊ, कारण पोर्टिंगची खरी परीक्षा तिथे झाली. डांबरी ट्रॅकवर ताकदीचा पट्टा अरुंद असला तरी चालतो, गिअर वाढवले की झालं. सुझुकीच्या १९६७ च्या ५० सीसी रेसिंग गाडीला चौदा गिअर होते! १७,००० च्या वर फेरे आणि ताकद एवढ्याशा पट्ट्यात. हे चिखलात चालणार नाही. तिथे चाक घसरतं, उडी मारून गाडी खाली येते, फेरे एकदम पडतात. तिथे लागतो तो रुंद पट्टा, खालून उचलणारी ताकद.

एमझेडने ही कला सहा दिवसांच्या इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल शर्यतीत दाखवली. १९६३ ते १९६७ सलग पाच वर्षं पूर्व जर्मनीच्या संघाने तिथली ट्रॉफी नेली. मोटोक्रॉसमध्ये हुस्कवार्नावर टोर्स्टेन हालमानने १९६२ आणि १९६३ ची २५० सीसीची जागतिक अजिंक्यपदं घेतली, १९६४ ला चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेडवर जोएल रोबेरने. पण ५०० सीसीचा मोठा गट जड फोर-स्ट्रोक गाड्यांचाच समजला जायचा. १९६६, ६७ आणि ६८ अशी सलग तीन वर्षं पाउल फ्रीडरिख्सने तो सीझेडच्या टू-स्ट्रोकवर जिंकला. फ्रीडरिख्स पूर्व जर्मनीचाच. त्यानंतर त्या गटातून फोर-स्ट्रोक हळूहळू दिसेनासे झाले.

सुझुकी १९६५ मध्ये मोटोक्रॉसला आली आणि तिथेही आधी सपाटून हरली. रोड रेसिंगचं शहाणपण जसंच्या तसं चिखलात लागू पडत नव्हतं. मग स्वीडनचा रायडर ओले पेटरसन घेतला, त्याच्या सांगण्यावरून गाडी पुन्हा घडवली, आणि १९७० मध्ये जोएल रोबेरने सुझुकीवर २५० सीसीचं अजिंक्यपद जिंकलं. मोटोक्रॉसमध्ये जपानी कंपनीचं ते पहिलंच. आराखड्याने जे शिकवलं नाही ते चिखलात गाडी चालवणाऱ्या माणसाने शिकवलं.

कारखान्यातून गॅरेजात

इथवर हे कारखान्यांचं गुपित होतं. १९७३ मध्ये अमेरिकेत गॉर्डन जेनिंग्ज या मोटरसायकल पत्रकाराने टू-स्ट्रोक ट्यूनिंगवर एक पुस्तक लिहिलं. पोर्टचं क्षेत्रफळ, अंश, फेरे, पाइपाची लांबी, सगळं शाळेच्या गणितात मांडलं. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात प्राध्यापक गॉर्डन ब्लेअर यांनी हेच संगणकावर नेलं. काडेन यांच्या पडद्यावरची लाट आता कुणाच्याही वहीत आली.

या नव्या शहाणपणाने काय सांगितलं? थोडक्यात सांगतो, कारण माझ्या ओरखड्याचं उत्तर यात आहे.

पहिलं, मोजल्याशिवाय घासायचं नाही. क्रँकला अंशांची चकती लावायची आणि प्रत्येक खिडकी कधी उघडते ते आधी लिहून ठेवायचं. दुसरं, एक्झॉस्ट आणि ट्रान्सफर यांच्या उघडण्यातलं अंतर सांभाळायचं. धुराचा दाब उतरायच्या आत ट्रान्सफर उघडला तर धूर खाली क्रँककेसमध्ये घुसतो. तिसरं, रुंदीला मर्यादा आहे. एकच खिडकी असेल तर बोअरच्या साधारण ६० ते ६५ टक्क्यांपर्यंत. त्यापुढे रिंग खिडकीत फुगून अडकण्याची भीती. या ५० मिलिमीटरच्या बोअरला म्हणजे ३० ते ३२ मिलिमीटर. वरची कड कमानीसारखी ठेवायची, म्हणजे रिंग हळूहळू आत ढकलली जाते. आणि काम संपलं की प्रत्येक धार बारीक मोडायची. ते दहा मिनिटांचं काम मी केलं नव्हतं.

चौथं सांगितलं की हौशी माणसाला पटत नाही. डर्ट बाइकला कित्येकदा एक्झॉस्ट वर नेण्याऐवजी खाली आणावा लागतो. ब्लॉकचं बूड लेथवर थोडं उतरवतात, की सगळ्या खिडक्या खाली सरकतात आणि खालची ताकद वाढते. मग हेडही त्याप्रमाणे कापावं लागतं. ताकद वाढवायची म्हणजे कुठे वाढवायची, हा प्रश्न आधी विचारायचा.

वर-खाली दोन्हीकडे ताकद हवी, या हट्टाला यामाहाने उत्तर दिलं. १९७७ मध्ये तिच्या ग्रांप्री गाडीत एक्झॉस्टच्या वरच्या कडेला फिरणारी झडप आली, पॉवर व्हॉल्व. कमी फेऱ्यांवर खिडकी बुटकी, जास्त फेऱ्यांवर उंच. पुढच्या दशकात मोटोक्रॉसच्या गाड्यांनीही ती घेतली. बिनदाराच्या इंजिनाला शेवटी अर्धं दार बसवावं लागलं.

आपल्याकडे

आपला संबंध कुठे येतो? मुंबईच्या इराणी कंपनीने चेकोस्लोव्हाकियाच्या जावा आणल्या आणि १९६१ पासून म्हैसूरला त्या बनू लागल्या. आकुर्डीच्या बजाजची चेतक १९७२ पासून. दोन्ही टू-स्ट्रोक. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाची आरडी ३५० राजदूत या नावाने आणली. जपानमध्ये ३९ हॉर्सपॉवर देणारं ते इंजिन इथल्या पेट्रोलच्या हिशोबाने साडेतीसवर आणि पुढे २७ वर उतरवलं गेलं, आकार तोच ठेवून. साहजिकच मालक मेकॅनिककडे जाऊन म्हणू लागले, 'जरा मोकळी करून द्या.' आरएक्स १०० आल्यावर तर पुण्या-कोल्हापुरात हा उद्योगच झाला. ज्या मिस्त्रींनी अंशांची चकती कधी पाहिली नव्हती, त्यांच्यातले काही जण कानाने आणि प्लगच्या रंगावरून इतकं अचूक काम करत, की मी पुस्तक वाचून थक्क झालो त्याहून जास्त त्यांच्याकडे पाहून झालो. त्यांनी काही लिहून ठेवलं नाही. त्यांचं ज्ञान कुणी पळवलं नाही, ते त्यांच्याबरोबरच चाललं आहे. हे काडेन यांच्या गोष्टीपेक्षा मला जास्त लागतं.

शेवट तुम्हाला माहीत आहे. कितीही चांगला पाइप लावला तरी ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळता बाहेर जातोच, आणि तेलही जळतं. चौकात उभं राहिल्यावर डोळे चुरचुरायचे ते यामुळे. धुराचे नियम कडक झाले आणि २००५ च्या सुमारास आपल्या रस्त्यावरच्या नव्या मोटरसायकलींतून टू-स्ट्रोक जवळजवळ संपला. मोटोक्रॉसमध्ये यामाहाच्या १९९८ च्या ४०० सीसी फोर-स्ट्रोकने दिशा बदलली. २००२ पासून ग्रांप्रीचा वरचा गटही फोर-स्ट्रोककडे गेला. जे गेलं ते जायलाच हवं होतं, असं माझं मत आहे. आवाज आवडतो म्हणून दुसऱ्याच्या फुप्फुसात धूर सोडायचा हक्क मिळत नाही.

पण एक खिडकी अजून उघडी आहे. ऑस्ट्रियाच्या केटीएमने, जिच्यात २००७ पासून आपल्या बजाज ऑटोची भागीदारी आहे, २०१७ मध्ये एन्ड्युरोसाठी अशी टू-स्ट्रोक आणली की पेट्रोल कार्बोरेटरमधून येत नाही, थेट ट्रान्सफर पोर्टमध्ये फवारलं जातं. श्नुर्लेची वाट, काडेनचा पाइप आणि संगणकाचा हिशोब. धूर बराच कमी.

हा ब्लॉक मी फेकत नाही. नव्या मुलांना दाखवायला ठेवलाय. आधी ओरखड्यावर बोट ठेवायला सांगतो, मग चकती हातात देतो.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न : माझ्याकडे जुनी आरएक्स आहे. पोर्टिंग करून घेऊ का?

उत्तर : रस्त्यावर चालवायची असेल तर हात लावू नका. मूळ ब्लॉक आता दुर्मिळ झालेत आणि घासलेलं परत भरता येत नाही. ट्रॅकवर न्यायची असेल तर दुसरा ब्लॉक मिळवा, मूळचा तेल लावून कापडात बांधून ठेवा. आणि करणाऱ्याला आधी विचारा, किती अंश? उत्तर आलं नाही तर गाडी घेऊन घरी या.

प्रश्न : फक्त खिडक्या आतून चकचकीत केल्या तर?

उत्तर : चकाकीने फारसं काही होत नाही. ओतकामात राहिलेले गोळे आणि पायऱ्या काढा, गॅस्केट आणि ब्लॉकची तोंडं एकमेकांशी जुळवा. एवढं केलं तरी फरक पडतो, आणि त्यात रिंग तुटत नाही.